वर्धापनदिनाची फेरी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. इकडे सर्व ठीक. तिकडची खुशाली कळव असं मी दर वेळी लिहिते आणि तू दर वेळी हवापाण्याचं कळवतेस. मागच्या पत्रातलं अक्षर तुझं वाटलं नाही. ओळी उतरणीला लागलेल्या बससारख्या खाली घसरत होत्या. डाव्या हाताने लिहिलंस का? उजव्याला काय झालं?

आमच्या वाहन संग्रहालयाचं म्हणशील तर धूळ, गंज आणि बडबड. पगार कुणालाच नाही, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकत नाही. दोन ट्राम, एक आगीचा बंब, घोडागाडी आणि ह्यांची बस, एवढ्यासाठी आम्ही म्हातारी मंडळी रविवार घालवतो. तुझी जाऊ आता मोटारींच्या पाट्या लिहिते हे ऐकून तू हसशील. शाळा लवकर सुटली, पण इथल्या कपाटातली पुस्तकं वाचून वाचून घोड्याच्या नालापासून डिझेलच्या पंपापर्यंत मला काहीही विचार.

रविवारचं आमचं ‘सांगणं’ तुला कधी लिहिलं नसेन. हे बसखाली होते तेव्हा जॅक बसला. जॅकमधून तेल गळतं हे आमच्यातल्या वायरमनला ठाऊक होतं, पण नवा मागायची लाज वाटली म्हणून तो बोलला नव्हता. मी ट्रामपलीकडे पितळ घासत होते. आवाज फारसा मोठा नव्हता. बस वर उचलली तेव्हा ह्यांच्या छातीची जी दशा होती ती मी पाहिली, ती रोज दिसते. ह्यांच्यामागे शेडच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी एकच अट घातली. कामाला हात लावण्याआधी सगळ्यांनी बससमोर उभं राहायचं आणि ज्याने जे मोडलं, सांडलं, पाहिलं, ते सांगायचं. ऐकणाऱ्याने ओरडायचं नाही. वायरमनने पहिल्याच रविवारी सांगितलं. त्याला मी तेव्हाही चहा दिला, आजही देते.

परवा भोंगाकाकांनी सांगितलं की बंब मागे घेताना त्यांनीच खांबाला ठोकला, आणि आठवडाभर ते खांब पुढे आला असं म्हणत होते. काका म्हणजे निवृत्त ड्रायव्हर, ह्यांचे जोडीदार. आवाज असा की बसला हॉर्न लागत नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी वर्धापनदिन. ह्यांची बस शेडबाहेर निघणार, काका चालवणार. रंग जुना तोच, नंबर तोच. भाऊजींना सांग, दादाची बस पुन्हा रस्त्यावर येतेय.

हाताचं खरं लिही. मायेत कमी करू नकोस.

तुझी,
थोरली

१५ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं. हाताची काळजी करू नका. स्टुलावर चढून जाळी काढत होते, पडले. प्लास्टर आहे. कारखान्यात उजवा हात चालत नाही म्हणून बटणं मोजायला बसवलंय. शिवणयंत्रावरची बाई बटणं मोजते, म्हणून सगळ्या मला हेडक्लार्क म्हणतात.

इकडे बसवाल्यांचा संप सुरू झाला. डेपोला कुलूप आहे. हे दिवसभर घरीच असतात. घरी असले की घराला शिस्त लागते. तुम्हाला नमस्कार सांगतात आणि म्हणतात, वहिनीला लिही, जिवंत ड्रायव्हर उपाशी आहेत आणि तुम्ही मेलेल्या लोखंडाला तेल पाजताय. चेष्टेनेच म्हणाले. दादांची बस निघणार म्हटल्यावर उठून बाहेर गेले.

कोपऱ्यावरचं दुकानही बंद आहे, त्यामुळे रस्ता ओकाबोका दिसतो. हवा बरी आहे. बघा, लिहिलंच हवेचं.

आम्हावर मर्जी आहेच, तशीच असू द्या.

आपली,
धाकटी

ता. क. हे पत्र यांचं वाचून झालं. पेटीत टाकायच्या आधी खाली लिहितेय. यापुढचं पत्र शिवणकारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

३ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. हे पत्र कारखान्यातच वाच आणि तिथेच फाड.

आज बस निघणार हे संपवाल्यांना आम्ही आधी कळवलं होतं. इथल्या डेपोची माणसं हसली, म्हणाली, मावशी, तुमची बस आमच्या सगळ्या बसपेक्षा देखणी, तिला कोण अडवतंय. त्यांच्यातला एक कंडक्टर तर आमचाच आहे. संपावर होता तरी रविवारी येऊन तिकिटाची यंत्रं पुसायचा. तोही बसच्या दारात उभा राहिला, जुनी टोपी घालून.

चूक आमची, त्यातली निम्मी माझी. वायरमन म्हणत होता, बसच्या कपाळावर संग्रहालय अशी पाटी लावू. मी हट्ट धरला. बस जशी धावत होती तशीच जाईल, पाटी स्थानकाचीच. सकाळी परगावच्या डेपोंमधून ट्रक भरून माणसं आली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांना लांबून काय दिसलं असेल? कंपनीचा रंग, कंपनीचा नंबर, स्थानकाची पाटी, आत भरलेली माणसं. संप मोडून बस चाललीय, एवढंच.

पहिला दगड पुढच्या काचेतून आला आणि काकांच्या मांडीवर पडला. काकांनी बस उभी केली, ब्रेक ओढला, तशातही गिअर काढला. मग दोन्ही बाजूंनी आले. काचा पावसासारख्या आत पडत होत्या. मागे शेजारच्या गल्लीतली म्हातारी माणसं हौसेने बसली होती, त्यांनी डोकी सीटखाली घातली. एका बाईच्या कानाची पाळी लोंबत होती आणि ती पिशवी शोधत होती. माझ्या खांद्यावर वीट बसली. ड्रायव्हरचं दार उघडून काकांना कॉलरला धरून ओढलं. ते पायरीवर आपटले, तोंड खाली. आमच्या कुणीतरी ओरडून सांगितलं की अरे, ही संग्रहालयाची बस आहे. पुढच्या रांगेतले चारदोन थांबलेही. थांबले असते सगळे.

तेवढ्यात रॉड घेऊन भाऊजी पुढे आले.

हो, तुझे. काकांनी त्यांना ओळखलं. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, अरे पोरा, तुझ्या दादाची बस आहे ही. भाऊजी म्हणाले, म्हणूनच. मग म्हणाले, आमच्या चुली विझल्या आणि तुम्ही सहलीला निघालात. मी दारातून त्यांना हाक मारली. त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर ओळख आली, ती मी पाहिली. आणि मग काकांना मारलं. पहिला घाव डोळ्याच्या वर, दुसरा त्याच जागी, तिसरा कानामागे. कंडक्टरने मध्ये पडून रॉड दोन्ही हातांनी धरला, त्याची बोटं मोडली, काकांचं रक्त त्याच्या सदऱ्यावर उडालं. कुणीतरी पोलीस म्हणून ओरडलं तेव्हा पळाले सगळे.

काका इस्पितळात आहेत. शुद्ध नाही. एक डोळा गेला.

भाऊजी घरी आले का? तू कशी आहेस? दोन ओळी तरी लिही. जीव टांगणीला आहे.

थोरली

७ मार्च

ती. जाऊबाईंस,

सा. न. पत्र कारखान्याच्या न्हाणीत वाचलं. तिथेच बसून राहिले. बाहेर मुकादमीण विचारत होती की हेडक्लार्क, आत हिशेब चुकला की काय.

त्या दिवशी हे संध्याकाळी आले. सदरा बादलीत टाकला, म्हणाले, धू. मी एका हाताने धुतला. पाणी लाल होत होतं, मला वाटलं यांना लागलं असेल. विचारलं तर म्हणाले, लागलं नाही. मी बरं म्हटलं. कुणाचं, ते विचारलं नाही. आता कळलं.

तुम्ही हाताचं विचारत होता. स्टूल आमच्याकडे नाहीच. पिळवटला. भाजी खारट झाली म्हणून. आधीचं लिहीत नाही, तुम्ही लग्नात पाहिलेली मी आणि आताची मी शेजारी उभी केली तर तुम्हीच समजाल. संपाआधी निदान ड्यूटीचे तास तरी सुटायचे.

माझं एकच मागणं. यांचं नाव घेऊ नका. पोलीस दारात यायच्या आधी बातमी येईल, आणि बातमी आली की पहिली मी. जामिनावर सुटले तर दुसरी मी. जाऊबाई, तुमच्या पाया पडते. तुमचे काका बरे होतील. मी बरी होणार नाही.

तुमच्या पायाशी जागा असू द्या.

धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. तुझं पत्र वाचून मी शेडमध्ये जाऊन ट्रामचं पितळ घासत राहिले. हाताला काहीतरी हवं होतं.

निरीक्षक येऊन गेला. मी म्हटलं, गोंधळ होता, काचा उडत होत्या, नीट दिसलं नाही. धडधडीत खोटं. त्याने ते लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि आभार मानले. बाकीच्यांनी रॉडवाला पाहिला, पण त्या आरडाओरडीत आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही, ओळखणारी मी एकटीच. काका ओळखत होते, ते बोलत नाहीत.

आता पुढचं ऐक. त्यांनी कंडक्टरला उचललं. सदऱ्यावर रक्त, हातांवर रॉडचे वळ, संपातला माणूस, आणि परगावच्या दोघांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. ते कुणाला वाचवताहेत हे तुला सांगायला नको. मोडक्या बोटांनी तो कोठडीत बसलाय. आमच्या मंडळींनी जाऊन सांगितलं की हा सोडवत होता. निरीक्षक म्हणाला, मग मारणारा कोण? नाव त्यांना ठाऊक नाही. त्याची आई रोज शेडच्या फाटकाशी येऊन बसते. भांडत नाही, शिव्या देत नाही. मी पाणी दिलं की पिते.

रविवारी सांगणं झालं. बस नव्हती, ती पोलिसांकडे आहे, तरी रिकाम्या जागेसमोर उभे राहिलो. वायरमनने मला विचारलं, मावशी, तुमचं काही? ज्याच्या गप्प राहण्याने मी विधवा झाले, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही.

तेव्हा तू इकडे निघून ये. शेडच्या वर खोली आहे, खिडकी आहे, दाराला आतून भक्कम कडी आहे. खाली आम्ही सात म्हातारे आहोत, त्यातले चार भांडखोर. आधी तू ये, मग मी बोलेन. संप असला तरी खाजगी गाड्या मिळतात.

वाट पाहते. वाट पाहायला लावू नकोस.

थोरली

१६ मार्च

जाऊबाईंस,

न. वि. वि. पुस्तकं वाचून माणूस दुसऱ्याच्या जिवावर धीट होतो हे मला ठाऊक नव्हतं.

निघून ये म्हणायला तुमचं काय जातं? माझं यंत्र इथे, नोकरी इथे. हात बरा झाला की पुन्हा यंत्रावर घेणार आहेत. तुमच्या शेडमध्ये येऊन मी काय करू, घोडागाडीत बसू? तिकिटं फाडू? आणि त्यांना तुमचा पत्ता माहीत नाही का? तुमच्याच हातचं खाऊन वाढलेत ते. आई गेल्यावर तुम्हीच न्हाऊ घातलंत ना? मग आमच्या पदरात टाकण्यापूर्वी बघायचं होतंत काय वाढवलंय ते.

परवा रात्री जेवता जेवता रडले. दादा दादा म्हणून. मला वाटलं आता माणूस वितळला. मग ताट भिरकावलं.

तुमच्या कंडक्टरची आई तुम्हाला दिसते. मी दिसत नाही, म्हणून माझं ओझं हलकं. उत्तर पाठवू नका.

धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. नको म्हणालीस तरी लिहितेय. तुझं एकही वाक्य खोटं नाही. आई गेल्यावर मीच न्हाऊ घातलं, मीच लाडावलं. शाळेत असताना भाऊजी एका मुलाचं डोकं पाटीने फोडून आले होते, तेव्हा मी त्या मुलाच्या आईशी भांडले होते. माझं पोर गरीब आहे म्हणून.

काका काल गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांची मुलगी म्हणाली, अंग पुसायला घ्या, मावशी. डोकं एका बाजूने बसलेलं होतं. पुसताना कापूस आत गेला. एवढा मोठा आवाज ज्या गळ्यातून निघायचा तो गळा माझ्या मुठीत मावेल इतका बारीक होता, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

आता कंडक्टरवर खुनाचा आळ आहे.

मी सोमवारी चौकीवर जाणार. आधी खोटं बोलले होते हेही सांगणार, मग मला काय करायचं ते करू देत. धाकटे, मी दोन पारडी करून पाहिली, रात्रंदिवस पाहिली. तुझं पारडं हलकं निघालं नाही. पण काका मेले, आणि जो मरणाच्या आड हात घालायला गेला त्याला ते मरण चिकटवतायत. एवढं पाहून मी गप्प राहिले तर तुझ्या अंगावरचा पुढचा वळही माझ्या गप्प राहण्याचाच असेल.

तू शनिवारपर्यंत निघ. वायरमनला मी सगळं सांगितलं, तो म्हणतो, स्वतः गाडी घेऊन कारखान्याच्या दारात येतो. तू फक्त हो म्हण. नाही म्हटलंस तरी मी सोमवारी जाणार, हे तुला लपवून ठेवणार नाही.

रागाव, पण ये.

थोरली

२३ मार्च

ती. जाऊबाईंस,

सा. न. सांगा.

गाडी पाठवू नका. मी घरीच राहणार. ते मला शोधत तुमच्या दारी येण्यापेक्षा त्यांना न्यायला आलेल्यांना दार मी उघडते. मला बघायचंय.

पत्ता नीट द्या. वरचा मजला, डावीकडचं दार. उजवीकडे एक आजारी बाई राहते, तिला धक्का बसायला नको. आणि साहेबाला म्हणावं, आधी डेपोत चौकशी करत फिरू नका, सरळ घरी या. सकाळी लवकर. तेव्हा ते झोपेत असतात.

धाकटी

२५ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. सांगून आले. निरीक्षकाने नातं विचारलं. मी म्हटलं, दीर. त्याने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, दीर, मीच वाढवलेला. आधीच्या सहीबद्दल तो बरंच रागावला. मी ऐकून घेतलं. तुझ्या दाराचं आणि सकाळचं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, तेव्हा म्हणाला, बाई, आमचं काम तुम्हीच करता का. मी म्हटलं, करावं लागलं.

बाहेर पडल्यावर वायरमनने विचारलं, चहा? मी घेतला.

हे पत्र तुला पोचेल तोवर होऊन गेलेलं असेल. मी काही मागत नाही. फक्त दोन ओळी, तुझ्या हाताने.

थोरली

२८ मार्च

ती. जाऊबाईंस,

शि. सा. न. वि. वि. उजव्या हाताने लिहितेय. प्लास्टर निघालं, अक्षर अजून वेडंवाकडं आहे, चालवून घ्या.

बुधवारी सकाळी आले. सांगितलं होतं तसंच, उजवीकडच्या बाईला कळलंसुद्धा नाही. दार वाजलं तसे हे उठून बसले. खिडकीतून खाली गाडी पाहिली. मला दबक्या आवाजात म्हणाले, घरात नाही म्हणून सांग, मित्राकडे गेलोय म्हणून सांग. आणि पलंगाखाली शिरले. एवढा मोठा माणूस. पाय आत घेता येईना, मग गुडघे पोटाशी घेतले. मी तिथे उभी राहून जरा वेळ पाहिलं. दार वाजत होतं तरी पाहिलं.

दार उघडलं. साहेबाने विचारलं, घरात आहेत का? मी म्हटलं, आहेत. पलंगाखाली.

बाहेर काढलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही हो. कळलं नाही असं तोंड झालं होतं. हातांत बेड्या घातल्या. मग म्हणाले, माझे बूट. मी आणले. हात बांधलेले, म्हणून खाली बसून मीच घातले आणि नाड्या बांधू लागले. साहेबाने तोंड दुसरीकडे केलं. हे वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, सुटून आलो की बघतो तुला.

माझ्या बोटांना अजून जोर नाही. गाठ सैल राहिली असती. म्हणून वर दुसरी मारली, ओढून.

ते जिना उतरून गेले. मी डबा भरला आणि कामावर गेले. यंत्रावर बसवलं मला.

कंडक्टर सुटला का, ते कळवा. मी तुमच्यावर रागावलेली आहे. ते जाईल तेव्हा जाईल. तोवर पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवा.

आपली,
धाकटी